वाट्यातून उचललेला बोंबील

आमदाराच्या कार्यालयाचा उंबरठा ओलांडणारा माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, "साहेब आहेत का?" साहेब असोत वा नसोत, त्या प्रश्नाला उत्तर देणं हा माझा धंदा होता. स्वीय सहायक हे त्या नोकरीचं कागदावरचं नाव. लोक पीए म्हणत, आणि ओळख झाली की नाना.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. शेवटी काहीतरी उघड होणार म्हणून वाचकाने ताटकळत बसायला नको. आमच्या साहेबांनी विधानसभेत निराधार बायकांचे पैसे कापायला सांगितले, असं रेवदंड्याच्या बाजूला अजून बोललं जातं. ते खोटं आहे. साहेब आता हयात नाहीत, स्वतः सांगायला येणार नाहीत, म्हणून मी सांगतो. त्यांची सूचना त्या बायकांच्या बाजूची होती. ती मागे घ्यायला लावणारा मी होतो. झालं. हे लिहायला मी फार वर्षं लावली, आता लिहून बाजूला ठेवतो. मला छळणारा प्रश्न खरं तर दुसराच आहे. आमदार सभागृहात कशामुळे उभा राहतो आणि कशामुळे खाली बसतो? सगळी नोकरी त्याच्या शेजारी काढूनही मला हे नीट कळलं नव्हतं. आता थोडं कळल्यासारखं वाटतं. ते लिहावं म्हणून हा खटाटोप.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमदाराचं मन वळवायचं तर मोर्चा न्यावा, निवेदन द्यावं. निवेदनं आमच्याकडे पोत्याने येत. एकदा म्हसळ्याहून एक शिष्टमंडळ आलं, सोबत फोटोग्राफर. निवेदन साहेबांच्या हातात देताना फोटो, साहेब ते वाचताना फोटो, सगळे गंभीर होऊन उभे असताना फोटो. मंडळी चहा पिऊन गेली. नंतर बघतो तर निवेदन टेबलावर नव्हतं. फोटोच्या गडबडीत त्यांनीच ते परत नेलं होतं. परत आणून द्यायला कुणी आलं नाही आणि आम्हीही मागितलं नाही.

याउलट तळ्याचे एक निवृत्त गुरुजी. ते आमच्या मतदारसंघातलेसुद्धा नव्हते. दर आठवड्याला त्यांचं पोस्टकार्ड येई, त्यावर एकच ओळ: "तळ्याच्या स्टँडवर बायकांसाठी मुतारी नाही." खाली सही. ना विनंती, ना नमस्कार. साहेब आधी हसायचे, मग चिडायचे. पुढे पुढे कार्ड आलं नाही की विचारायचे, "गुरुजी आजारी आहेत का रे?" आणि एक दिवस सभागृहात रस्त्यांवर बोलता बोलता त्यांच्या तोंडून ती ओळ जशीच्या तशी बाहेर पडली. मंत्र्यांनी उत्तर दिलं, मुतारी झाली. साहेब मला म्हणाले, "मी बोलणार नव्हतो रे. ते आपोआप आलं." या 'आपोआप'चं मला तेव्हापासून कुतूहल.

धंद्यातल्या खुबीही सांगायला हव्यात. साहेबांचं शिफारसपत्र सगळ्यांना मिळे. पूर्ण सही असली तर अधिकाऱ्याने काम करायचं, नुसती आद्याक्षरं असली तर चहा पाजून माणूस वाटेला लावायचा. हे आम्हाला ठाऊक, अधिकाऱ्याला ठाऊक. पत्र छातीशी धरून जाणाऱ्यालाच तेवढं ठाऊक नसे. कोणती सही द्यायची ते मी डोळ्यांनी सुचवत असे आणि त्यात मी तरबेज होतो. दुसरी खुबी म्हणजे "होऊन जाईल." हे दोन शब्द मी इतक्यांदा उच्चारले असतील की झोपेतही बोलत असेन. त्यांना खोटं म्हणता येत नाही, कारण कधी होईल ते त्यात सांगितलेलं नसतं.

आता हिराबाईंकडे येतो. हिराबाई रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या. नवरा होडीवर असताना गेला, तेव्हापासून सुकी मासळी विकून घर चालवलं. आवाज असा की खाडीच्या पलीकडच्या होडीला हाक मारावी. त्यांच्या घरी त्यांची जाऊ, अनसूयाबाई. त्याही विधवा, आणि डोळ्यांनी अधू होत होत पुरत्या आंधळ्या झालेल्या. बसल्या जागी हाताने चाचपून सोड्यांसाठी कोलंबी सोलायच्या. मूलबाळ नाही. निराधारांना सरकार महिन्याला जे देतं, त्यासाठी त्यांचं नाव तालुक्याच्या समितीत मंजूर झालं होतं. पैसे सुरू व्हायचे होते.

त्याच वर्षी अर्थसंकल्पात त्या खर्चाची तरतूद कमी केली गेली. अर्थ सरळ होता. जुन्यांना रडतखडत मिळणार, नवी नावं लटकणार. हिराबाई पाच-सहा बायका घेऊन रिक्षाने आल्या.

"सायबाला सांग, ह्याला न्हाय म्हनायचं. उभं र्‍हाऊन न्हाय म्हनायचं."

साहेब तेव्हा विरोधी बाकावर. ते आतून बाहेर आले. "मावशी, म्हणतो. कपात सूचना देतो."

बायका खूश होऊन गेल्या. कपात सूचना म्हणजे काय हे कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

ते इथे सांगतो, कारण गंमत त्यातच आहे. सरकार एकेका खात्याचा खर्च सभागृहापुढे ठेवतं, त्याला मागणी म्हणतात. आमदाराला ही मागणी वाढवा असं म्हणायचा अधिकार नाही. फक्त कमी करा म्हणता येतं. मग पैसे अपुरे आहेत अशी तक्रार करायची तर कशी? तर रीत अशी, की ही मागणी शंभर रुपयांनी कमी करा अशी सूचना द्यायची. कोट्यवधींच्या मागणीतून शंभर रुपये! ते वाचवायचे नसतात. तो नाराजीचा खडा असतो. त्या निमित्ताने उभं राहून बोलता येतं, मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. म्हणजे पैसे वाढावेत म्हणून पैसे कापा असं लिहून द्यायचं. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चक्रावलो होतो. नंतर इतकी सवय झाली की यात चक्रावण्यासारखं काही आहे हेच विसरून गेलो.

मसुदा मीच केला. सूचना छापील यादीत आली. त्या पानाचा फोटो कुणीतरी, बहुधा समोरच्या गटातल्या पोराने, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. साहेबांच्या नावाभोवती लाल गोल. खाली: निराधारांची मागणी शंभर रुपयांनी कमी करण्यात यावी.

कोळीवाड्याने ते जसं वाचायचं तसं वाचलं. दर महिन्याला, माणशी, शंभर.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयाबाहेर रिक्षाच रिक्षा. साहेब मुंबईला, अधिवेशनात. हिराबाई पुढे, मागे सगळी आळी. कुणीतरी सुक्या बोंबलांची टोपली माझ्या टेबलावर आदळली.

"घे! शंभर कापतोस ना? हे पन घे! आमच्या घरात र्‍हायलंय काय ते सगलंच घेऊन जा!"

"हिराबाई, ऐका तर. ते कापायसाठी नाही. ते वाढवायसाठी आहे."

"वाढवायसाठी कापतान?" मागून एक तरुण बाई म्हणाली. "मंग नाना, तुजा पगार पन वाढवायला सांगू का सायबाला?"

सगळ्या हसल्या. हसू वाईट होतं. मी पुन्हा सुरुवात केली. मागणी, अधिकार, नियम, प्रतीकात्मक. मी बोलत गेलो तसे त्यांचे चेहरे बंद होत गेले. तेवढ्यात हिराबाईंनी हात वर करून बाकीच्यांना गप्प केलं आणि खाली फरशीवर बसकण मारली.

"आमाला ह्यातलं काय कललं न्हाय," त्या म्हणाल्या. "पन तू खोटं बोलतंस असं पन वाटत न्हाय. आमाला कलेल असं सांग. संध्याकाल होऊ दे, आमी बसतंव हितंच."

या वाक्यापाशी मी किती वेळा परत आलो आहे! त्या बसायला तयार होत्या. मला फक्त सोपं बोलायचं होतं. पण जेवणाची वेळ टळून गेली होती, फोन वाजत होते, रस्त्यावर बघे जमले होते, निवडणूक जवळ होती. आणि त्याहून खरं कारण म्हणजे मला सोपं सांगता येत नव्हतं. मी म्हणालो, "छापायची चूक झालीय. ते काढून टाकतील. होऊन जाईल."

बायका तटकन उठल्या. "मंग असं म्हन की!" हिराबाईंनी टोपलीतले बोंबील माझ्यासाठीच ठेवून टाकले. पैसे घेतले नाहीत.

मग मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "बायका काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांग. तुला काय वाटतं ते नंतर."

मी शब्दाला शब्द सांगितलं नाही. मी म्हणालो, "फार चिडल्यात साहेब. काढून घ्या." हिराबाई फरशीवर बसल्या होत्या, हे मी गाळलं.

तिकडून लगेच आलं, "बरं."

त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ते अर्धवट उठले आणि म्हणाले, "मी मांडत नाही." कामकाजाच्या नोंदीत तेवढेच शब्द आहेत. त्या तरतुदीवर आमच्या किनाऱ्यावरून दुसरं कुणी बोललं नाही. ती तशीच मंजूर झाली. अनसूयाबाईंच्या नावापुढे 'तरतूद उपलब्ध झाल्यावर' असा शेरा पडला आणि दोन पावसाळे त्या शेऱ्यावरच गेले. त्या दोन वर्षांत अनसूयाबाई मजुरीसाठी लोकांच्या ओट्यांवर सोडे सोलत बसायच्या. कोलंबीच्या काट्यांनी बोटं चिरलेली. कोळीवाड्यात बोलणं झालं ते असं, की हिराबाईंना छापायची चूक दुरुस्त होईल असं सांगून गप्प केलं आणि साहेबांनी मागून पैसे कापलेच. निवडणुकीत रेवदंड्याची मतं फिरली. साहेब पडले.

पडल्यानंतर मी त्यांना एकदाच विचारलं. घरी गेलो होतो, ते व्हरांड्यात कैरीला मीठ लावून खात बसले होते. म्हणालो, "साहेब, तेव्हा तुम्ही एवढ्या लगेच बरं का म्हणालात? मला वाटलं होतं, तुम्ही ओरडाल."

त्यांनी हातातली कैरीची फोड खाली ठेवली. "नाना, खरं सांगू? तू काढून घ्या म्हणालास तेव्हा मला बरं वाटलं. कुणीतरी तसं म्हणावं याची मी वाट बघत होतो."

"का?"

"अरे, लाल गोल काढलेलं माझं नाव सगळ्या जिल्ह्यात फिरत होतं. बोलायचं तर ज्यांच्यासाठी बोलायचं त्याच शिव्या घालतायत. अशा वेळी माणूस उभा राहतो तो मागे कुणीतरी आहे म्हणून. माझ्यामागे तू होतास, आणि तू म्हणालास, बसा."

मी उगाच म्हणालो, "कैरी आंबट आहे का?" ते म्हणाले, "आहे." 

पुढे मी निवृत्त झालो आणि चौलच्या बाजूला घराला रंगरंगोटी करून राहू लागलो. सरकारं बदलली. अनसूयाबाईंचे पैसे उशिरा का होईना सुरू झाले होते. यंदा मार्चमध्ये बातमी आली की त्या खर्चाला पुन्हा कात्री लागणार. शिवाय जुन्या नावांची फेरतपासणी होणार, म्हणजे कुणाचं नाव राहील आणि कुणाचं उडेल ते सांगता येणार नव्हतं. बातमी वाचून मी पेपर घडी घालून ठेवला. माझं आता काय काम, असं स्वतःला सांगितलं.

त्याच आठवड्यात रेवदंड्याच्या बाजारात मासळी घ्यायला गेलो. हिराबाई आता थकल्यात, पण बसतात. समोर ताज्या बोंबलांचे वाटे लावलेले. आम्ही बोलत असू, पण हातचं राखून. मी भाव पाडून मागितला, नेहमीप्रमाणे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या पोटाला हात घातलाय. मग काही न बोलता वाट्यातला एक बोंबील उचलला आणि मागच्या टोपलीत टाकला.

"अहो, हे काय? मी भाव कमी केला तर तुम्ही वाटा कमी करता?"

"एवढ्यात हा वाटा मागतंस, लाज न्हाय वाटत? म्हनून एक काढला. तोंड उघड, भाव नीट बोल, मंग परत टाकीन."

हे मी लहानपणापासून पाहत आलोय. या किनाऱ्यावर मासळी घेतलेल्या प्रत्येकाने पाहिलंय. एका बोंबलाने कोळणीचा फायदा होत नाही आणि गिऱ्हाइकाचं नुकसान होत नाही. तो राग दाखवायला उचललेला असतो, गिऱ्हाइकाने शुद्धीवर यावं म्हणून. मी पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो.

"काय झालं? घाम कशाला आलाय तुला?"

मी तिथेच, पालथ्या घातलेल्या टोपलीवर बसलो. म्हणालो, "हिराबाई, ती कपात सूचना म्हणजे हे होतं. सरकारने भाव फार पाडून मागितला म्हणून साहेबांनी वाट्यातला एक बोंबील उचलला होता. सरकारने तोंड उघडावं म्हणून."

त्या बोंबलांवर पाणी मारत होत्या. हात थांबला.

"म्हंजे सायब आमच्या बाजूनं व्हता?"

"हो."

"छापायची चूक?"

"नव्हती. मी तसं म्हणालो. आणि साहेबांना काढून घ्यायला मीच सांगितलं."

त्यांनी टोपलीतला बोंबील पुन्हा हातात घेतला, पाहिला. "म्हंजे सायबानं उचललेला बोंबील तू परत वाट्यात टाकलास. भाव वाढायच्या आदी."

"हो."

"आमी बसलो व्हतो ना तुज्या फरशीवर."

 त्यांनी बोंबील कागदात गुंडाळून दिले, पैसे पुरते मोजून घेतले, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मला वाटलं, संपलं.

सकाळी घरासमोर रिक्षा थांबली. आत हिराबाई आणि तीन बायका. "चल. नव्या आमदाराकडं जायाचंय. तुला त्यांची भाषा येते."

आयुष्यात प्रथमच मी आमदाराच्या कार्यालयात बाकड्यावर बसलो आणि विचारलं, "साहेब आहेत का?" पीए तरुण होता. म्हणाला, "होऊन जाईल काका, निवेदन ठेवून जा." हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

साहेब होते. पोरसवदा, सत्तेबाहेरचे. कपात सूचना म्हटल्याबरोबर हसले. "मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं हे? अहो, पूर्वी एका आमदाराची यातच वाट लागली. लोक फोटो फिरवतात. तुमचीच माणसं मला शिव्या घालतील."

कैरी आठवली. हा माणूसही कुणीतरी बसा म्हणण्याची वाट बघत होता. मी तोंड उघडणार तोच हिराबाई बोलल्या.

"तू दे सूचना, बाला. फोटो आमीच फिरवतंव."

"म्हणजे?"

"बाजारात माज्या वाट्याफुडं लावीन. येईल त्याला सांगीन का ह्यानं आमच्यासाटी बोंबील उचललाय. अलिबागपासून मुरूडपर्यंत कोलनी हायत, त्या सगल्या सांगतील. तुला कोन शिवी घालतंय बघू. पन तू उभा र्‍हा, खाली बसू नको."

आमदारांना बोंबील समजला नाही. मग मी समजावून सांगितला. ते मोठ्याने हसले आणि पीएला म्हणाले, "लिही." मसुदा करताना पोरगं अडलं तेव्हा मी शब्द सांगितले.

आणि हिराबाईंनी खरंच ते पान लावलं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वजनाच्या काट्याला बांधून. लाल गोलही काढला, आपल्या हाताने.

हे सगळं दिवाळी अंकात कशासाठी, तर अंक वाचकाच्या हातात पडेल तेव्हा हिवाळी अधिवेशन तोंडावर असेल. मार्चमध्ये कमी केलेले पैसे सरकार तिथे पुरवणी मागण्यांत, म्हणजे वर्षाच्या मध्ये मागितलेल्या जादा खर्चात, परत आणू शकतं. आणायला भाग पाडणं आमदारांच्या हाती आहे. त्यांना माझी विनंती आहे, त्यांच्या भाषेत चांगली चाळीस वर्षं काढलेल्या माणसाची: या खर्चाची बाब पुकारली जाईल तेव्हा उभे राहा. मांडत नाही म्हणू नका. आणि बाकीच्यांना विनंती, नुसतं निवेदन देऊन परत येऊ नका. त्यांना विचारा, तुम्हाला भीती कशाची वाटते? मग ती भीती तुमच्या अंगावर घ्या. माझ्या इतक्या वर्षांच्या कुतूहलाचं उत्तर मला एवढंच सापडलं.

मार्चअखेर सभागृहात ती मागणी आली त्या दुपारी आम्ही हिराबाईंच्या पडवीत होतो. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला होता, कामकाज थेट दिसत होतं. अनसूयाबाई सगळ्यात पुढे, कान मोबाइलकडे करून. आमदारांचं नाव पुकारलं. ते पूर्ण उभे राहिले. "मी माझी कपात सूचना मांडतो." मागे कुणी गलका करत होतं, तरी बोलत राहिले. मध्येच म्हणाले, "रेवदंड्याच्या अनसूयाबाई, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही..."

"माजं नाव घेतलं?" अनसूयाबाई म्हणाल्या.

"व्हय ग. गप, ऐक."

मंत्र्यांनी पुरवणी मागण्यांत विचार करू असं म्हटलं. मग मतं घेतली. होय म्हणणारे थोडे, नाही म्हणणारे पुष्कळ. सूचना पडली. पडणारच होती, हे मी आधी सांगून ठेवलं होतं.

अनसूयाबाईंनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "नाना, मंग माजं चालू र्‍हाईल का?"

ते दोन शब्द जिभेवर आलेच होते. नोकरी सुटली तरी ते सुटत नाहीत.

"ठाऊक नाही, अनसूयाबाई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग हाताने चाचपून मोबाइल जवळ ओढला. "आवाज मोटा कर कुनीतरी. फुडं काय बोलतान ते ऐकू दे."

सभागृह तोवर पाटबंधाऱ्यांवर गेलं होतं. त्या तेही ऐकत राहिल्या.